दुःख मोजता येते काय?
(जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि त्याचे मोजमाप)

भगवान बुद्ध आजारी भिक्खूंच्या भेटीला जात असत, याचे अनेक प्रसंग त्रिपिटकात आलेले आहेत. राजगृहात एका कुंभाराच्या घरी वक्कली नावाचे भिक्खू आजाराने अंथरुणाला खिळले होते. त्यांना भेटायला तथागत स्वतः गेले. जवळ बसल्यावर त्यांनी आधी उपदेश केला नाही, आधी विचारपूस केली. ही विचारपूस पाली वाङ्मयात ठरावीक शब्दांत वारंवार येते. तिचा आशय असा : वेदना सोसवते ना? दिवस निभतो ना? दुखणे ओसरते आहे की वाढते आहे? ओसरत असेल तर ते ओसरणे जाणवते काय?

वक्कलींनी दिलेले उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. समोर साक्षात शास्ता बसलेले असताना त्यांनी 'ठीक आहे, आपल्या कृपेने बरे आहे' असे म्हटले नाही. सोसवत नाही, निभत नाही, दुखणे वाढतेच आहे, असे त्यांनी सरळ सांगितले.

विहारात सुत्तांचे वाचन होते तेव्हा हे प्रश्न आपण शिष्टाचाराचे म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. मीही तसाच पुढे जात असे. परंतु दोन वर्षांपूर्वी घरातील एका आजारपणाच्या निमित्ताने एका दंत रुग्णालयात बसण्याचा योग आला आणि तेथील छापील फॉर्मवर मला नेमके हेच प्रश्न दिसले. त्या फॉर्मने माझे कुतूहल जागे झाले. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे. तेव्हा जे समजले ते सभासदांसाठी व विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आक्काचे दुखणे

माझी थोरली बहीण, आमची आक्का, पाथर्डीकडची. तिची उमर छप्पन्न. ऐन उमेदीची वर्षे तिने ऊसतोडीत घालवली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातील कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातलेच आहे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, दात घट्ट मिटून तोल सांभाळायचा, हे काम तिने वर्षानुवर्षे केले.

तिच्या उजव्या कानापुढे दुखू लागले. भाकरी चावताना कळ येई, जांभई दिली की जबडा अडकल्यासारखा होई. दाढेचे दुखणे समजून एका ठिकाणी तिची एक दाढ काढली, पुढे दुसरी काढली. दुखणे होते तेथेच राहिले. कान तपासला, कान चांगला निघाला. एक्स-रेत काही दिसले नाही. शेवटी एका दवाखान्यात तिला 'काही नाही बाई, मनावर घेऊ नका' असे सांगून परत पाठवले. त्यानंतर आक्काने दुखण्याविषयी बोलणेच सोडले. ती दुधात किंवा कालवणात भाकरी कुस्करून खाई आणि कोणी विचारले तर म्हणे, "दुखतंय जरासं."

हे 'जरासं' किती, हाच या लेखाचा विषय आहे.

जबड्याचा सांधा

वाचकांनी दोन्ही हातांची बोटे कानाच्या किंचित पुढे ठेवून तोंड सावकाश उघडावे व मिटावे. बोटांखाली जे हलते तो जबड्याचा सांधा होय. खालच्या जबड्याचा गोल माथा कवटीच्या खोलग्यात बसतो आणि दोहोंच्या मध्ये एक चिवट, लवचीक चकती असते. गुडघा बिजागरीसारखा मुख्यतः मागेपुढे वाकतो. जबड्याचा सांधा मात्र आधी बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड जास्त उघडताना खोलग्यातून पुढे घसरतो. शिवाय उजवा व डावा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही. बैलगाडीच्या जुवाखालील दोन बैलांसारखी ही जोडी आहे. एक लंगडू लागला की दुसऱ्यावर ताण येतो.

बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे या सर्व कामांत हा सांधा व त्याला हलवणारे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दिवसभर राबतात. त्यांचे विकार स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला स्नायूंचा, म्हणजे ते सतत आवळले जाऊन दुखणे. दुसरा चकती जागेवरून सरकण्याचा, ज्यात तोंड उघडताना 'टक्' असा आवाज येतो किंवा जबडा अडकतो. तिसरा सांध्याची झीज किंवा दाह होण्याचा. पुष्कळदा एकाच रुग्णात हे एकत्र आढळतात.

अमेरिकेतील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ साली या दुखण्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांध्यावर दाब येतो, असे त्यांचे मत होते. पुढे हे कारण एवढे सोपे नाही असे दिसून आले. झोपेत दात करकर खाण्याची सवय, मार लागणे, स्नायूंवरील सततचा ताण, अपुरी झोप, चिंता, शरीरात अन्यत्र असलेली जुनी दुखणी अशी अनेक कारणे एकत्र येतात. अमेरिकेतील पाहण्यांनुसार हा त्रास शंभरात सुमारे पाच ते बारा लोकांना असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. केवळ 'टक्' आवाज येतो पण दुखत नाही व तोंड नीट उघडते, अशा माणसाला बहुधा उपचाराची गरज नसते.

वेदनेला तापमापी नाही

ताप आला तर तापमापी आहे. रक्तदाबाला यंत्र आहे. साखरेसाठी रक्ताचा एक थेंब पुरतो. वेदनेसाठी मात्र असे कोणतेही यंत्र आजवर निघालेले नाही. एक्स-रेत सांध्याची झीज स्पष्ट दिसावी आणि माणसाला काहीच त्रास नसावा, असे घडते. उलट चित्र अगदी स्वच्छ यावे आणि माणूस भाकरीचा तुकडा चावू शकत नसावा, असेही घडते. म्हणून 'एक्स-रे चांगला आहे, म्हणजे दुखणे खोटे आहे' हे अनुमान अशास्त्रीय ठरते.

मग वेदनेचा पुरावा काय? तर रुग्णाचा शब्द. जगभरातील वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. तिच्यासोबत जी स्पष्टीकरणे दिली, त्यांत माणूस जेव्हा आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असे नमूद आहे. वेदना हा नेहमी व्यक्तिगत अनुभव असतो, हेही तेथे मान्य केले आहे. बौद्ध वाचकांना यात नवल वाटू नये. वेदना हा पंचस्कंधांपैकी एक स्वतंत्र स्कंध आहे आणि ती ज्याची त्यानेच जाणायची असते.

परंतु शब्द पुरावा मानायचा तर तो नोंदवण्याची काही रीत हवी. नुसते 'फार दुखते' किंवा 'जरासे दुखते' यावर उपचार ठरत नाही आणि महिन्याने उतार पडला की नाही हेही कळत नाही. त्यासाठी मोजपट्ट्या तयार झाल्या.

वेदनेच्या मोजपट्ट्या

सर्वांत साधी मोजपट्टी म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीची एक आडवी रेघ. डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही' आणि उजव्या टोकाला 'याहून अधिक वेदना कल्पनेतही नाही' असे लिहिलेले असते. रुग्णाने आपल्या दुखण्याप्रमाणे रेघेवर खूण करायची. डाव्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले की आकडा मिळतो. दुसरी मोजपट्टी तोंडी आकड्यांची आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कमाल, मधला योग्य आकडा सांगा. तिसरी शब्दांची : नाही, थोडी, मध्यम, तीव्र. लहान मुलांसाठी हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे वापरतात.

या सर्व पट्ट्या 'किती' याचे उत्तर देतात. 'कशी' याचे उत्तर त्यांत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण आपल्या दुखण्याविषयी जे शब्द वापरतात त्यांपैकी ७८ शब्द निवडून त्यांनी २० गटांत लावले. ठणकणारी, भाजणारी, टोचणारी, थकवणारी, भीतिदायक असे ते शब्द आहेत. यांतून दुखण्याचे स्वरूप आणि त्याचा मनावरचा भार दोन्ही कळतात.

आपली मराठी या बाबतीत किती श्रीमंत आहे पाहा. दात ठणकतो, गळू ठसठसते, पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, डोके भणभणते, जखम चुरचुरते, पाय वळतात, मान आखडते, कानात सणक जाते, पायाला झिणझिण्या येतात. प्रत्येक शब्द वेगळी वेदना सांगतो. जबड्याच्या स्नायूंचे दुखणे बहुधा जड, दबल्यासारखे, आखडल्यासारखे असते. उलट गालावर विजेच्या झटक्यासारखी क्षणभर चमक जात असेल तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचे वेगळे दुखणे असू शकते. म्हणून 'दुखतंय' एवढेच न सांगता कसे दुखते हे आपल्या बोलीत सांगावे. ग्रामीण बोली वापरण्यात लाज बाळगू नये.

आणि ही रीतही जुनीच आहे. मज्झिम निकायात अनाथपिंडिक श्रेष्ठी मरणशय्येवर असताना सारिपुत्त त्यांना भेटतात व तीच विचारपूस करतात. अनाथपिंडिक उपमा देऊन सांगतात : डोक्यात कोणी तलवारीचे टोक घुसवावे तसे, डोक्याला चामड्याचा पट्टा आवळावा तसे, खाटकाने सुरीने पोट चिरावे तसे, दोघा बलवानांनी धरून निखाऱ्यांवर भाजावे तसे दुखते आहे. डोके, पोट आणि सर्व अंग यांचे दुखणे त्यांनी वेगवेगळे करून सांगितले. आजच्या डॉक्टरला यापेक्षा अधिक काय हवे असते?

सोळा आण्यांचा हिशेब

आता पुन्हा आक्काकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, लोणी, संगमनेर आणि खुद्द नगर शहर अशा तीन ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. दाढ दुखली की आपण जवळचा दवाखाना गाठतो. परंतु महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुखरोग, शस्त्रक्रिया, कृत्रिम दात असे निरनिराळे विभाग असतात आणि जबड्याच्या सांध्याची पद्धतशीर तपासणी होऊ शकते, हे आपल्याला ठाऊक नसते. मलाही नव्हते. एका परिचिताच्या सांगण्यावरून मी आक्काला अशा एका रुग्णालयात घेऊन गेलो.

तेथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी फॉर्म भरत होती. तिने विचारले, "मावशी, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" आक्का गप्प. तिने पुन्हा विचारले. आक्का माझ्याकडे पाहू लागली. ती शाळेत गेलेली नाही. रेघ, सेंटिमीटर, शून्य ते दहा हे तिच्या जगातले नाही. मी सहज म्हणालो, "आक्का, रुपया धर. रुपयात किती आणे दुखतं?"

आक्का लगेच म्हणाली, "आत्ता सहा आणे. भाकरी चावताना चौदा. एरवी धरून चाल दहा आणे."

मुलगी पाहतच राहिली. देशात १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून गेले. पण आपल्या बोलीतून ते गेले नाहीत. 'औषधाने चार आणे फरक पडला', 'आता बारा आणे बरं आहे' असे आजही गावोगाव म्हणतात. म्हणजे वेदनेची मोजपट्टी आपल्या माणसांकडे आधीपासून होती. प्रश्न तिच्या भाषेत विचारला गेला नव्हता, इतकेच. हा आण्यांचा हिशेब डॉक्टरांच्या पुस्तकात नाही आणि तो शास्त्रीय कसोटीवर तपासलेला आहे असा माझा दावाही नाही. बोलणे सुरू करून देणारी ती एक सोय आहे. मात्र जी पट्टी पहिल्या दिवशी वापरली तीच दरवेळी वापरावी, हे पथ्य पाळले पाहिजे.

फॉर्मचे गणित

तो फॉर्म मायकेल व्हॉन कॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९२ साली तयार केलेल्या सात प्रश्नांच्या पद्धतीवर आधारलेला होता. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी ती आजही वापरतात. तिचे गणित बँकेतल्या कामाइतकेच साधे आहे.

पहिले तीन प्रश्न तीव्रतेचे : आत्ता किती, सर्वाधिक किती, सरासरी किती. तिन्हींची सरासरी काढून शंभरात मांडायची. आक्काचे सहा, चौदा आणि दहा मिळून तीस आणे, सरासरी दहा आणे, म्हणजे शंभरात साडेबासष्ट. पन्नास किंवा त्याहून अधिक झाल्यास तीव्रता जास्त धरतात.

पुढचा प्रश्न दिवसांचा : गेल्या सहा महिन्यांत या दुखण्यामुळे किती दिवस नेहमीचे काम करता आले नाही? सहा दिवसांपर्यंत शून्य गुण, सात ते चौदा दिवसांना एक, पंधरा ते तीस दिवसांना दोन आणि त्यापुढे तीन. आक्काचे वीस दिवस गेले होते, म्हणून दोन गुण.

शेवटचे तीन प्रश्न अडथळ्याचे : रोजचे व्यवहार, लोकांत मिसळणे आणि काम यांत दुखण्याने किती अडचण आणली? आक्काने सहा, आठ आणि चार आणे सांगितले. आठ आणे कशाला, असे मुलीने विचारले तेव्हा आक्का म्हणाली, "लग्नाकार्याला जात नाही मी. पंगतीत बसून कुस्करून खाताना लोक बघत्यात." सरासरी सहा आणे, म्हणजे शंभरात साडेसदतीस. तीसच्या आत शून्य गुण, तीस ते एकोणपन्नासला एक, पन्नास ते एकोणसत्तरला दोन, सत्तरपासून पुढे तीन. म्हणजे येथे एक गुण.

दोन आणि एक मिळून तीन गुण झाले. दुखण्याच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिली : तीव्रता कमी व अडथळा कमी. दुसरी : तीव्रता जास्त, पण अडथळा कमी. तिसरी : अडथळ्याचे गुण तीन किंवा चार. चौथी : पाच किंवा सहा. आक्का तिसऱ्या पायरीवर होती. ज्या दुखण्याला ती 'जरासं' म्हणत होती आणि एका दवाखान्याने 'काही नाही' म्हटले होते, ते हे दुखणे!

तथागतांचे प्रश्न आता पुन्हा आठवा. सोसवते ना, म्हणजे तीव्रता. निभते ना, म्हणजे अडथळा. ओसरते की वाढते, म्हणजे पुढच्या भेटीतील तुलना. अडीच हजार वर्षांपूर्वीचे लोक आजचे वैद्यक जाणत होते, असा याचा अर्थ नाही आणि तसा अभिमान आपण बाळगू नये. अर्थ एवढाच की आजाऱ्याकडे करुणेने आणि नीट लक्ष देऊन पाहणारा माणूस कोणत्याही काळात हेच विचारील.

डॉक्टरांचे बोट आणि पट्टी

रुग्णाच्या शब्दाला तपासणीची जोड द्यावी लागते. मार्टी हेल्किमो यांनी १९७४ साली जबड्याची हालचाल, सांध्याचा आवाज, स्नायू व सांध्याचे दुखणे यांना गुण देणारी पद्धत मांडली. १९९२ साली अमेरिकेतील ड्वॉर्किन व लरेश यांनी संशोधनासाठी निकष ठरवले आणि २०१४ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली. या निकषांचे दोन भाग असतात. एकात सांधा व स्नायू, तर दुसऱ्यात वेदनेची तीव्रता, तिने आयुष्यात आणलेली अडचण, चिंता व खिन्नता. माणसाचे शरीर आणि त्याचे जगणे दोन्ही तपासल्याशिवाय निदान पुरे होत नाही, हे यात मान्य झाले.

तपासताना डॉक्टर गाल व कानशिलाचे स्नायू ठरावीक दाबाने दोन सेकंद दाबतात. स्नायूवर सुमारे एक किलो आणि सांध्याच्या बाहेरच्या टोकावर सुमारे अर्धा किलो. बोटाला या दाबाचा अंदाज यावा म्हणून वजनकाट्यावर बोट दाबून सराव करता येतो. दाबल्यावर दुखले एवढे पुरेसे नसते. "तुम्हाला एरवी दुखते ते हेच का?" असे विचारायचे असते. रुग्ण 'होय, हेच' म्हणाला तर दुखण्याचा उगम सापडला.

तोंड किती उघडते तेही मोजतात. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा अधिक उघडते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची मधली तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये जातात का पाहावे.

येथे एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. तोंड कमी उघडणे म्हणजे प्रत्येक वेळी सांध्याचा विकार नव्हे. सुपारी व गुटख्याने तोंडाच्या आतील अस्तर ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू मिटत जाते. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी आपल्या वस्त्यांत तो मिळतो हे आपण सर्व जाणतो. यात दुखणे कमी असते म्हणून मुले दुर्लक्ष करतात. ज्या तरुणाच्या तोंडात तीन बोटे जात नाहीत त्याने त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा.

तसेच जबड्यासोबत छातीत दडपण, घाम, डाव्या हातात कळ असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणे, नवी डोकेदुखी आणि नजर अंधूक होणे एकत्र आले तर दृष्टीला धोका असतो. जखमेनंतर दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे लक्षण असते. अशा वेळी आकडे मांडत न बसता तातडीने रुग्णालयात जावे.

कोणाचे दुखणे खरे मानतात?

वेदनेचा पुरावा रुग्णाचा शब्द असेल, तर कोणाच्या शब्दाला किती किंमत मिळते हा प्रश्न सामाजिक होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना काळ्या लोकांच्या शरीराविषयी एखादी तरी खोटी समजूत खरी वाटत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांपैकीच एक समजूत. ज्यांच्या मनात अशा समजुती होत्या त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदनेला कमी आकडा दिला.

'कष्टाची माणसं ही, यांना काय होतंय' हे वाक्य आपल्याकडे कोणी ऐकले नसेल? आणि त्याहून दुःखाची गोष्ट अशी की ते वाक्य आपल्या आयाबहिणींनी स्वतःच्याच मनाला लावून घेतले आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पत्राचे नाव 'मूकनायक' होते. मुक्यांना वाचा देण्याचे ते काम राजकीय व सामाजिक अन्यायापुरते नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईने 'माझे दुखणे बारा आणे आहे, ते लिहून घ्या' असे म्हणणे हेही त्याच वाटेवरचे एक पाऊल आहे.

या कामाला मोठी पदवी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि निरक्षर, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळा न शिकलेली बाई आरोग्याची कामे जबाबदारीने करू शकते हे त्यांनी सिद्ध केले. मग आपले पदवीधर तरुण सात प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेऊ शकणार नाहीत काय?

दुसरा बाण

संयुत्त निकायात बाणाचा दृष्टांत आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. त्यावर तो शोक करतो, चिडतो, घाबरतो आणि दुसरा बाण लावून घेतो, तो मनाचा. शहाण्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही.

जुनाट दुखण्यात चिंता, खिन्नता व 'हे कधीच बरे होणार नाही' अशी धास्ती वेदना वाढवतात, हे आता वैद्यकानेही तपासले आहे. १९६५ साली मेलझॅक व वॉल यांनी मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना कमी-अधिक वाट देणारे दार असते आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार हलवू शकतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली स्मृतीच्या साधनेवर आधारित वर्ग रुग्णालयात सुरू केला, तो जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठीच. मात्र या दृष्टांताचा गैरवापर होऊ देऊ नये. 'दुखणे तुझ्या मनात आहे' असे म्हणणे म्हणजे दुसरा बाण काढणे नव्हे, तो नव्याने मारणे होय. पहिला बाण खराच असतो. त्यासाठी डॉक्टरच हवा, विपश्यना ही त्याला पर्याय नाही.

आक्काला शस्त्रक्रिया लागली नाही. बहुतेकांना ती लागत नाही. मऊ आहार, गरम कपड्याचा शेक, दिवसा दातांवर दात न आवळण्याची सवय, जबड्याचे सावकाश व्यायाम, रात्री दातांवर बसवायची पट्टी आणि काही दिवस डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, एवढ्यावर काम भागले. मिश्रीही तिने सोडली. तीन महिन्यांनी त्याच मुलीने तेच प्रश्न विचारले. आत्ता दोन आणे, जास्तीत जास्त आठ, सरासरी पाच. एकूण पंधरा, म्हणजे सरासरी पाच आणे. दहाचे पाच झाले. मूळ आकड्यात तीस टक्क्यांच्या आसपास घट झाली तर रुग्णाला खरोखर उतार जाणवतो, असे अभ्यासातून दिसले आहे. येथे घट निम्मी होती. दुखणे शून्य झाले नाही. पण गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नात आक्का पंगतीत बसली, हे मी पाहिले.

आकड्याची मर्यादाही सांगतो. माझे पाच आणि तुमचे पाच सारखे नसतात. बँकेत प्रत्येकाचे खाते वेगळे असते. एकाच्या पासबुकातील शिल्लक दुसऱ्याच्या पासबुकाशी ताडून पाहत नाहीत, स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडतात. वेदनेचा आकडाही तसाच वापरावा. 'तिला सात असून ती काम करते, तुला पाच आहे तर काय झाले' असे म्हणण्यासाठी तो नाही.

मंडळाला एक विनंती

आपले मंडळ आरोग्य शिबिरे घेते. पुढील शिबिरात एका टेबलावर दोन विद्यार्थी वही घेऊन बसवावेत. कुठे दुखते, कसे दुखते, आत्ता किती, जास्तीत जास्त किती, सरासरी किती, किती दिवस काम बुडाले, काय करता येत नाही, एवढे प्रत्येकाच्या बोलीत लिहावे. तो कागद रुग्णाच्या हाती द्यावा, म्हणजे डॉक्टरांपुढे बोलताना त्याला आधार होईल. घरी प्रत्येकाने आपल्या आईला, आजीला, बहिणीला एकदा निवांत बसून विचारावे. 'बरं आहे ना?' असे नव्हे, कारण त्याचे उत्तर ठरलेलेच असते. विचारावे, "रुपयात किती आणे?" आणि मग उत्तर येईपर्यंत थांबावे.

जयभीम! नमो बुद्धाय!